पहिली तीन वर्षं

गेल्या जुलैत एक मुलगी माझ्या टेबलापाशी आली. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात दुपारची सुटी संपत आली होती, बाहेर पावसानं धरलं होतं आणि मी डब्याचं झाकण लावत होते. तिनं नाव सांगितलं, साकोलीच्या पुढचं गाव सांगितलं, एलएलबीचा निकाल नुकताच लागल्याचं सांगितलं आणि मग विचारलं, "मॅडम, मला तुमच्याकडे ज्युनिअर म्हणून यायचं आहे. महिन्याला किती द्याल?"

शेजारच्या टेबलावरच्या वकीलसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. ती गेल्यावर म्हणाले, "अजून सनद हातात नाही अन् पोट्टी पैसे विचारून राहिली." त्यांना राग आला नव्हता. नवल वाटलं होतं.

मला त्या रात्री झोप लागायला फार वेळ लागला. नऊ वर्षांपूर्वी मी अशाच एका टेबलासमोर उभी होते आणि मला हा प्रश्न विचारता आला नव्हता. "सर, शिकायला मिळालं तरी पुरे," असं मी म्हणाले होते. ते खोटं होतं. त्या दिवशी माझ्या पाकिटात दोनशे चाळीस रुपये होते आणि महिना संपायला अकरा दिवस होते.

मी काटोलकडची. आमची अडीच एकर संत्र्याची बाग आहे. आंबिया बहार चांगला आला की घरात नवं काही यायचं, फळगळ लागली की जुनंच धुऊन वापरायचं. २०११ साली बारावी झाली आणि मी नागपूरला पाच वर्षांच्या लॉला प्रवेश घेतला. कॉलेज विनाअनुदानित होतं. फी, खोली, मेस धरून वर्षाचे साठ हजार बँकेकडून उचलायचे ठरलं, म्हणजे पाच वर्षांचे तीन लाख. शैक्षणिक कर्जाला चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, म्हणून बाग गहाण पडली नाही. पण सहकर्जदार म्हणून बाबांची सही लागली. बाबा सही करताना जरा थांबले होते. तो कागद इंग्रजीत होता. मी वाचून दाखवला आणि त्यातलं मला जेवढं कळलं तेवढंच त्यांना सांगितलं. वकील व्हायला निघालेल्या मुलीनं बापाला समजावलेला तो पहिला करार.

इंग्रजीचं दुखणं पहिल्याच महिन्यात कळलं. टॉर्ट्सच्या, म्हणजे नुकसानभरपाईच्या कायद्याच्या, तासाला सरांनी १९३२चा एक प्रसिद्ध ब्रिटिश निवाडा सांगायला घेतला. स्कॉटलंडमधल्या एका कॅफेत एका बाईनं जिंजर बिअर प्यायली आणि बाटलीत मेलेली गोगलगाय निघाली. मला 'स्नेल' हा शब्द माहीत नव्हता. जिंजर बिअर म्हणजे दारू की सरबत, तेही माहीत नव्हतं. मागच्या बाकावर बसून मी वहीत 'बाटली, बाई, आजारी' एवढंच लिहिलं. रात्री खोलीवर डिक्शनरी घेऊन बसले तेव्हा उलगडलं. बाटली बाईनं विकत घेतलीच नव्हती, मैत्रिणीनं घेऊन दिली होती. तिचा कंपनीशी करार नव्हता, तरीही माल बनवणाऱ्यानं तिची काळजी घ्यायला हवी होती. आणि मला एकदम आमच्या गावचं कृषी केंद्र आठवलं. तिथून आणलेल्या औषधानं शेजाऱ्यांची अख्खी बाग करपली होती. औषध कंपनीचं, विकणारा दुकानदार, नुकसान शेतकऱ्याचं, आणि सगळे एकमेकांकडे बोट दाखवत होते. स्कॉटलंडची गोगलगाय मला काटोलच्या बागेत सापडली. त्या रात्री पहिल्यांदा वाटलं की हा विषय आपला आहे.

पण हा शोध प्रत्येकाला एकट्यानं लावावा लागतो, हे मला अजून बोचतं. आमच्या वर्गातली निम्मी मुलं मराठी माध्यमातली होती. त्यांना कायदा कळत नव्हता असं कुणी म्हणू नये. त्यांना वाक्य कळत नव्हतं. चार ओळींचं एक वाक्य, त्यात तीन 'प्रोव्हायडेड दॅट', आणि वर लॅटिन. दोन-तीन जण दुसऱ्या वर्षाला आलेच नाहीत. त्यांच्याबद्दल 'झेपलं नाही' एवढंच म्हटलं गेलं.

आणि हे घडत होतं नागपुरात. देशभरचे वकील ज्यातले दाखले देतात ते ऑल इंडिया रिपोर्टर आपल्याच नागपुरातून निघतं. १९१४पासूनचे निवाडे त्या खंडांत आहेत. विद्यापीठाचं विधी महाविद्यालय १९२५चं. लॉ कॉलेज चौक हे नाव या शहरात रिक्षावाल्यालाही सांगावं लागत नाही. हिदायतुल्ला इथे वकिली करत होते, विद्यापीठाच्या लॉ कॉलेजात शिकवत होते, पुढे सरन्यायाधीश झाले. नंतर सरन्यायाधीश झालेल्यांपैकी बोबडे नागपूरचेच. गवई अमरावतीचे, पण त्यांची वकिली मुख्यतः इथल्या खंडपीठापुढची. लायब्ररीत रात्री नऊपर्यंत बसायचे तेव्हा या गोष्टींचा आधार वाटायचा. अजूनही वाटतो. हायकोर्टाच्या त्या दगडी इमारतीसमोरून जाताना माझी चाल आपोआप सावरते.

तर २०१६ साली मी पास झाले आणि ऑगस्टमध्ये वकिलीची सनद मिळाली. सनदेच्या खर्चाला पुन्हा घरून पैसे मागवले. वकील कायद्याच्या कलम २४मध्ये नोंदणीची फी स्पष्ट लिहिली आहे, राज्याच्या वकील परिषदेला सहाशे आणि अखिल भारतीय परिषदेला (बार कौन्सिल ऑफ इंडियाला) दीडशे, एकूण साडेसातशे रुपये. देशभर वर्षानुवर्षं त्याच्या कित्येक पट पैसे वेगवेगळ्या नावांखाली घेतले गेले. ३० जुलै २०२४ला सर्वोच्च न्यायालयानं गौरव कुमार यांच्या याचिकेत हे बेकायदा ठरवलं. कायद्यात लिहिलंय त्याहून जास्त घ्यायचं नाही. आधी घेतलेले पैसे मात्र परत करायची गरज नाही. मला माझे पैसे परत नको आहेत. पण तो निकाल वाचताना एका ठिकाणी मी थांबले. गरीब घरातून, मागे राहिलेल्या समाजातून आलेल्या मुलांना ही फी दारातच अडवते, आणि हा समानतेचा प्रश्न आहे, असं न्यायालयानं म्हटलं होतं. इतकी वर्षं बार रूममध्ये मी हे कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

सनदेनंतर बार परीक्षा. तिची फी साडेतीन हजार, अनुसूचित जाती-जमातींसाठी अडीच हजार. ती झाली. आणि मग ज्याला आमच्यात 'सिनिअर पकडणं' म्हणतात ते.

माझे सर फार चांगले शिकवायचे. हे मी आधी सांगते, कारण पुढचं वाचून कुणी त्यांच्याबद्दल वाईट मत करून घेऊ नये. रोजनामा कसा वाचायचा, उलटतपासणीत कुठला प्रश्न विचारायचाच नाही, शिरस्तेदाराशी कसं बोलायचं, पक्षकार रडायला लागला की कागद बाजूला ठेवून आधी त्याला पाणी द्यायचं, हे सगळं मी त्यांच्याकडे शिकले. त्यांच्या घरी जेवले. त्यांनी मला पहिले आठ महिने, दिवाळीचं पाच हजारांचं पाकीट सोडलं तर, एक रुपयाही दिला नाही. नवव्या महिन्यापासून तीन हजार मिळू लागले. ते स्वतः पाच वर्षं त्यांच्या सरांकडे बिनपैशानं राबले होते. त्यांच्या मते हा शिकण्याचा मोबदला होता, आणि मोबदला मी द्यायचा होता. त्यांचे वडीलही वकील होते. घर धरमपेठेत स्वतःचं होतं. मला वाटतं, त्या पाच वर्षांत आपल्या ताटात रोज भाजी कुठून येते हा विचार त्यांना करावाच लागला नाही.

मला करावा लागत होता. पांढराबोडीला दोघींत मिळून एक खोली होती, माझ्या वाट्याला अडीच हजार. मेस दोन हजार. झेरॉक्स, बस, कोटाची ड्रायक्लीनिंग. आणि जुलै २०१७पासून हप्ता. शिक्षण संपल्यावर एक वर्ष सवलतीचं असतं, नंतर बँक वसुली सुरू करते. त्या सहा वर्षांत व्याज साचत गेलं आणि तीन लाखांचे सव्वाचार लाखांच्या वर झाले. सात वर्षांच्या मुदतीनं महिन्याचा हप्ता साडेसात हजारांच्या पुढे. माझी कमाई तीन हजार.

वकिलाला दुसरी नोकरी करता येत नाही. सनद हवी असेल तर पूर्णवेळ पगारी नोकरी चालत नाही, असा नियम आहे, आणि नियम योग्यच आहे. पण मग हप्ता कुणी भरायचा, हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही. तो बाबांनी भरला. बाबा दर एक-दोन महिन्यांनी फोनवर विचारायचे, "बाई, तुह्या वकिलीचा पगार केव्हा चालू व्हते?" मी सांगायचे, वकिलाला पगार नसतो बाबा, फी असते. "मंग फी केव्हा चालू व्हते?"

२०१८च्या उन्हाळ्यात तीन हप्ते थकले. त्या मोसमात बाबा पीककर्जाचं नूतनीकरण करायला बँकेत गेले तर अधिकाऱ्यानं संगणकात पाहून सांगितलं, तुमचं सिबिल खराब आहे. बाबांना सिबिल हा शब्द माहीत नव्हता. सहकर्जदार म्हणून केलेली ती सही तिथे उगवली होती. तीस वर्षं एकही कर्ज न थकवलेल्या माणसाला माझ्या शिक्षणामुळे थकबाकीदार म्हणून उभं राहावं लागलं. त्यांनी हे मला सांगितलं नाही. दोन महिन्यांनी आईनं सांगितलं, तेव्हा त्यांनी सावकाराकडून पैसे उचलून पेरणी आणि फवारणी उरकलेली होती.

ही गोष्ट मी आजवर कुठे लिहिली नव्हती.

मला त्यातून बाहेर काढलं ते मराठीनं. हायकोर्टात कामकाज इंग्रजीत चालतं, पण आमच्या भागातले सगळे कागद मराठीत असतात. सातबारा, फेरफार, पंचनामे, ग्रामपंचायतीचे ठराव, पोलिसांनी घेतलेले जबाब. याचिकेला ते जोडायचे तर इंग्रजी भाषांतर लागतं. एका वकीलबाईंना घाईत कुणीतरी हवं होतं. 'भोगवटादार वर्ग २', 'पोटखराब', 'वहिवाट', 'मौजा अमुक', 'इसम नामे' या शब्दांपाशी इंग्रजी माध्यमातली हुशार मुलं अडायची. माझं सगळं बालपण त्या शब्दांत गेलं होतं. पानाला तीस रुपये. मी रात्री अकरापर्यंत कोर्टाची कामं करायची आणि अकरानंतर भाषांतर. महिन्याला दोनशे-अडीचशे पानं व्हायची. ज्या भाषेमुळे वर्गात मान खाली जायची तिनंच माझा हप्ता भरला. पहिला हप्ता मी स्वतः भरला त्या दिवशी बाबांना फोन केला, तर ते म्हणाले, "बरं झालं," आणि पुढे काहीच बोलले नाहीत.

आमच्या वर्गात माझ्याहून खूप हुशार एक मुलगा होता. वरूडकडचा. अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेत त्यानं बोलायला सुरुवात केली की परीक्षक पेन खाली ठेवायचे. साक्षीदाराला तो इतक्या मऊ आवाजात प्रश्न विचारायचा की समोरच्याला आपण अडकलो हे तिसऱ्या प्रश्नानंतर कळायचं. तसा प्रश्न विचारणारा वकील मी नंतर नऊ वर्षांत दोनदाच पाहिला. सनद घेतल्यावर तो चौदा महिने टिकला. वडिलांना अर्धांगवायू झाला, बहिणीचं लग्न राहिलं होतं. आता त्याचं खत-बियाण्यांचं दुकान आहे, बरं चालतं. मागे भेटला तेव्हा त्यानं नव्या कायद्यांबद्दल विचारलं. भारतीय न्याय संहितेत किती कलमं, खुनाचं कलम आता कितवं. मी म्हटलं ३५८, आणि खुनाचं १०३. "म्हणजे ३०२ गेलं," तो म्हणाला, आणि दुकानाच्या पावतीवर मागे लिहून ठेवलं. कशासाठी ते मी विचारलं नाही.

आम्ही दोघं वेगळे होतो ते एवढ्यावरच की माझ्या बाबांची तब्येत धडधाकट होती. माझी गुणवत्ता, चिकाटी वगैरे लोक म्हणतात तेव्हा मला तो आठवतो.

आता गेल्या दोन वर्षांतल्या दोन गोष्टी सांगते, कारण त्या मुलीच्या प्रश्नाचा त्यांच्याशी थेट संबंध आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं एक परिपत्रक काढलं. ज्युनिअर वकिलांना शहरात किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये महिना विद्यावेतन द्यावं, निदान पहिली तीन वर्षं. ही शिफारस आहे, सक्ती नाही. दुसरी गोष्ट २० मे २०२५ची. तेव्हाचे सरन्यायाधीश गवई यांच्या पीठानं निकाल दिला की कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायचं तर किमान तीन वर्षांची वकिली हवी. बार परीक्षेआधीच्या तात्पुरत्या नोंदणीपासून मोजली तरी चालेल, न्यायाधीशांकडे लॉ क्लार्क म्हणून केलेलं कामही धरलं जाईल. हा नियम पूर्वी होता, २००२मध्ये रद्द केला होता, तो परत आला.

मी न्यायालयात रोज उभी राहते. कधी वकीलपत्रही दाखल न केलेला माणूस खुर्चीवर बसला तर पक्षकाराचे काय हाल होतात ते मला माहीत आहे. त्यामुळे त्या निकालामागचा विचार मला पटतो. पण आमच्याकडच्या मुलांसाठी एमपीएससीची ती परीक्षा म्हणजे पगारापर्यंतचा सगळ्यात जवळचा रस्ता होता. अभ्यासिकेत दोन वर्षं बसायचं, परीक्षा काढायची, हप्ता फेडायचा. आता मध्ये तीन वर्षं आली. तीन वर्षं वकिली करण्याची सक्ती आहे, आणि त्याच तीन वर्षांत त्यांना पैसे देणं आमच्या मर्जीवर आहे. हे दोन कागद मी शेजारी शेजारी ठेवते तेव्हा मधल्या जागेत मला आमची बाग दिसते.

शिवाय एक बारकावा आहे. त्या तीन वर्षांचं प्रमाणपत्र द्यायचं ते त्या न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्यानं, किंवा दहा वर्षांची वकिली झालेल्या वकिलानं, प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याच्या सहीनिशी. ज्याच्या सहीवर न्यायाधीश होणं अवलंबून आहे त्याच्याकडे मुलगी पैसे मागणार कशी? मी तर सही नको असतानाही मागू शकले नव्हते.

म्हणून त्या मुलीचा प्रश्न मला धीटपणाचा वाटला आणि तिचा आदर वाटला. दुसऱ्या दिवशी मी तिला बोलावलं. आई आशासेविका, वडील नाहीत. बचत गटाचं कर्ज, बँकेचं दीड लाख. तीन वर्षांतली निम्मी परीक्षा भारतीय दंड विधानावर दिली आणि १ जुलै २०२४ला कायदे बदलले, म्हणून उरलेली पुस्तकं पुन्हा विकत घेतली. जुने खटले जुन्याच कायद्यानं चालतात, त्यामुळे आधीची टाकताही येत नाहीत. खोलीत दोन्हींची थप्पी आहे म्हणाली.

मी रात्री हिशोब मांडला होता. माझी कमाई सरळ नाही. एखाद्या महिन्यात साठ हजार येतात, एखाद्यात पंधरा. पक्षकार पीक निघालं की देतो म्हणतात आणि खरंच देतात, पण पीक निघालं तर. वीस हजार मला जमणार नव्हते. मी तिला तसं स्पष्ट सांगितलं. आठ हजार, सहा महिन्यांनी दहा. नकला, प्रतिज्ञापत्रं, भाषांतरं यांचे पैसे तिचेच. वर्षभरानंतर पोटगीचे अर्ज तिच्या नावानं. आणि महिन्याचे पैसे पक्षकारानं मला दिले की नाही यावर अवलंबून नसतील. ती म्हणाली, "मॅडम, लिहून देता का?" मी लिहून दिलं. एका पानाचं, मराठीत.

सहा महिने झाले. या महिन्यापासून दहा हजार सुरू झाले. त्यासाठी मी एक वेगळं खातं काढलंय, आणि खरं सांगायचं तर नोव्हेंबरात ते भरताना माझी ओढाताण झाली. शेजारचे वकीलसाहेब अजून मान हलवतात. पण परवा त्यांनी त्यांच्या ज्युनिअर मुलाला पेट्रोलचे म्हणून काही पैसे दिलेले मी पाहिले.

मुलगी चांगली आहे. घाई करते, आवाज फार खाली जातो, न्यायाधीशांनी मध्येच विचारलं की कागदाकडे पाहते. येईल. तिच्या डायरीत एका बाजूला तारखा असतात आणि दुसऱ्या बाजूला हप्ते. परवा दुपारी तिनं विचारलं, "मॅडम, तुम्हाला दहा वर्षं केव्हा होतात?"

"ऑगस्टमध्ये. का?"

"काही नाही," म्हणाली, आणि डायरीच्या शेवटच्या पानावर काहीतरी लिहिलं. तिची तीन वर्षं २०२८मध्ये होतात.

संक्रांतीला घरी फोन केला. बाग यंदा बरी आहे. बोलता बोलता बाबांनी विचारलं, "त्या पोरीले पैसे देतं का तू?"

"देते बाबा."

"किती?"

मी सांगितलं. ते थोडा वेळ गप्प होते. मागे कुत्रं भुंकत होतं, आई कुणाला तरी तिळगूळ घ्या म्हणत होती.

"एक तारखेले देत जाय," बाबा म्हणाले. "लांबवू नको." आणि मग रात्रीची लाइन आली, मोटर चालू करायची आहे, म्हणून त्यांनी फोन ठेवला.